नवा पीक दिसला? स्ट्रक्चर काढायच्या आधी या चुका टाळा

औषधाच्या क्रोमॅटोग्राममध्ये (घटक वेगळे करून काढलेल्या आलेखात) अनोळखी पीक, म्हणजे उंचवटा, दिसला की लगेच त्याचं स्ट्रक्चर (रेणूची रचना) काढायला बसायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. आधी तो पीक औषधातूनच आलाय की आपणच बनवलाय ते बघा. डायल्युएंटचा ब्लँक (औषध न घालता नुसता सॅम्पल विरघळवायचा द्रावक) मारला का? औषधात एस्टर किंवा रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅसिड ग्रुप असेल आणि सॅम्पल मिथेनॉलमध्ये रात्रभर ऑटोसॅम्पलरमध्ये (सॅम्पल आपोआप मशीनला देणाऱ्या ट्रेमध्ये) पडून असेल तर मिथाइल एस्टर तिथल्या तिथे तयार होऊ शकतो, आणि आपण तो इम्प्युरिटी (अशुद्धी) म्हणून रिपोर्टला लावतो. असा संशय आला की ताजं सॅम्पल अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये करून बघा, पीक गायब झाला तर विषय संपला.

मेटाबोलाइट (औषधापासून शरीरात बनणारे पदार्थ) शोधणाऱ्यांची जास्त फसगत मास मशीनच्या सोर्समध्ये (जिथे रेणूंना विद्युतभार देतात) होते. पॅरासिटामॉल घ्या, पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन भार देऊन मोजताना) त्याचा मास १५२ आणि त्याच्या ग्लुकुरोनाइड मेटाबोलाइटचा ३२८. सोर्सचं व्होल्टेज जरा जास्त झालं की ग्लुकुरोनाइडचे १७६ तिथेच गळतात आणि उरतो १५२, मग फक्त १५२ चा चॅनेल बघणाऱ्याला मूळ औषध दोन वेळा बाहेर पडल्यासारखं दिसतं, आणि दोन्ही पीक नीट वेगळे झाले नसतील तर औषधाचा आकडाच फुगतो. ३२८ आणि १५२ चे ट्रेस एकावर एक टाका, एकाच वेळी वर-खाली जात असतील तर व्होल्टेज कमी करून १५२ चा हिस्सा घटतो का बघा. २२ चा फरक दिसला तर नवीन काही शोधलं म्हणून नाचू नका, तो बहुतेक हायड्रोजनऐवजी चिकटलेला सोडियम असतो.

उष्णतेने होणाऱ्या फसगतीचं मोठं उदाहरण म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध रॅनिटिडिन. २०१९ मध्ये एनडीएमए (कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी) शोधताना जीसीची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची, गरमीच रॅनिटिडिनपासून एनडीएमए बनवत होती, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने एलसी-मास (लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं मास मशीन) वापरायला सांगितलं. (औषध त्यामुळे निर्दोष सुटलं असं नाही हं, साठवणुकीत एनडीएमए वाढतं म्हणून २०२० मध्ये ते बाजारातून काढायलाच लावलं.) मेटफॉर्मिनमध्ये वेगळीच गंमत, तिथे डीएमएफ सॉल्व्हंट आड येतो. एनडीएमए ७५.०५५३ ला आणि डीएमएफचा नायट्रोजन-१५ वाला (जड नायट्रोजनचा) आयसोटोप ७५.०५७१ ला, म्हणजे हाय रिझोल्यूशन (मासमधला बारीक फरक दाखवणारं) मशीन असूनही कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) दोघं वेगळे केले नाहीत तर आकडा जास्त येतो.

मास मूळ औषधापेक्षा १६ ने जास्त म्हणजे हायड्रॉक्सिल (कार्बनवर ओएच गट), असं डोळे झाकून लिहू नका. एन-ऑक्साइड (ऑक्सिजन नायट्रोजनवर) आणि सल्फॉक्साइडचेही (ऑक्सिजन सल्फरवर) १६ च, तिघांचा अचूक मासही सारखाच, त्यामुळे महागडं मशीन इथे काही कामाचं नाही. थोडं टायटॅनियम ट्रायक्लोराइड घालून बघा, पीक जाऊन मूळ औषध वाढलं तर एन-ऑक्साइडकडे बोट जातं. ऑक्सिजन नेमक्या कुठल्या कार्बनवर बसलाय हे मास बहुतेक वेळा सांगतच नाही, तिथे प्रेप करून (तो पदार्थ पुरेसा वेगळा गोळा करून) रेणूची रचना दाखवणारा एनएमआरच करावा लागतो.

फॉस्फेट बफर मास मशीनमध्ये सोडायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याऐवजी अमोनियम फॉर्मेटच्या बफरवर गेलं की पीकची जागा बदलते आणि लोक भलत्याच पीकचा मास उचलतात. मूळ मेथडवर त्या पीकचा फ्रॅक्शन (तेवढाच बाहेर पडणारा द्राव) गोळा करा आणि नव्या मेथडवर मारा, वेळ जातो पण चुकत नाही.

आणि एरिया टक्के (पीकच्या क्षेत्रफळाचे टक्के) म्हणजे वजनाचे टक्के नव्हे. आयसीएच क्यू३ए (औषधातल्या इम्प्युरिटीजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम) नुसार दिवसाचा डोस २ ग्रॅमपर्यंत असेल तर ०.१० टक्के किंवा दिवसाला १ मिलिग्रॅम, यातलं जे कमी त्याच्या वर गेलेली इम्प्युरिटी ओळखावी लागते, पण त्या इम्प्युरिटीचा यूव्ही रिस्पॉन्स (डिटेक्टरमध्ये दिसणारा सिग्नल) औषधाच्या निम्मा असेल तर तुम्हाला दिसणारे ०.०६ खरं तर ०.१२ असतात.