दुकान बंद पडले की हलले? कोल्हापुरातील जुन्या पेठांची नोंद कशी करावी

पेठेतील जुन्या दुकानांविषयी काहीतरी लिहावे असे कोल्हापुरात पुष्कळांना वाटते आणि लिहायला बसल्यावर बहुतेकांच्या हातून एकच मजकूर उतरतो: पूर्वी इथे अमुक होते, आता तिथे मोबाइलचे दुकान आहे, गेले ते दिवस. हा मजकूर खोटा नसतो, परंतु त्यातून वाचणाऱ्याला नवे काहीच कळत नाही. दुकान कधी निघाले, जागा स्वतःची होती की भाड्याची, गिऱ्हाईक कुठून येई, माल कुठून येई आणि शेवटी नेमके काय झाले, हे सारे प्रश्न तसेच राहतात. एखाद्या गल्लीची अशी नोंद पद्धतशीरपणे कशी करावी, हे पुढे सांगितले आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ‘बंद पडले’ असे लिहिण्यापूर्वी ते कुठे गेले याचा शोध घ्यावा.

या आग्रहाला कारण आहे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. तेथील गुळाचा व्यापार पुढे मार्केट यार्डात गेला. म्हणजे शाहूपुरीतून गूळ गेला, कोल्हापुरातून गेला नाही. शिवाजी उद्यमनगरातील अनेक कारखानदारांनी पुढची वाढ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत केली. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. याउलट १९०६ मध्ये पायाभरणी झालेली शाहू मिल २००३ मध्ये बंद झाली, ती कुठेही हलली नाही. स्थलांतर आणि शेवट या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत कामगाराला लांबचा प्रवास करावा लागतो, दुसरीत त्याला काम बदलावे लागते. आठवणींच्या लेखात मात्र दोन्हींसाठी एकच उसासा टाकला जातो.

हद्द ठरवणे

संपूर्ण शिवाजी पेठ किंवा संपूर्ण लक्ष्मीपुरी घेऊ नये. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा रस्त्याचा एक तुकडा घ्यावा: पापाच्या तिकटीपासून पुढचा थोडा भाग, राजारामपुरीची एखादी क्रमांकाची गल्ली किंवा मिरजकर तिकटीभोवतालची दुकाने. आपण जिथे वाढलो तो भाग घेतल्यास ओळखी कामी येतात, पण तिथे आपण प्रश्न कमी विचारतो. ‘हे मला माहीत आहे’ ही समजूत या कामात सर्वांत जास्त आड येते.

हद्द ठरल्यावर त्या जागेचा आधीचा थरही पाहून घ्यावा. कपिलतीर्थ मंडईच्या आठवणी आपण हळव्या होऊन सांगतो, पण ती मंडई जिथे भरते तिथे एके काळी तळे होते. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ आणि शाहू स्टेडियम म्हणजे रावणेश्वराचे तळे. तळी बुजवली गेली तेव्हाही कोणीतरी हळहळलेच असेल. आपल्या बालपणीचे कोल्हापूर हे मूळ कोल्हापूर नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की लिखाणाचा सूर आपोआप ताळ्यावर येतो. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूर खंड या आधीच्या थरासाठी अवश्य चाळावा.

आधी पायी, मग कागद

पहिली फेरी सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी करावी. एका बाजूने जावे, दुसऱ्या बाजूने यावे आणि प्रत्येक दाराची ओळ वहीत वेगळी लिहावी. तळमजल्यावरच्या चकचकीत पाट्यांतून विशेष काही हाती लागत नाही. मान वर करून पहिल्या मजल्याकडे पाहावे. गिलाव्यात कोरलेले साल, नाव, सज्जाच्या कठड्यावरची अक्षरे बहुधा तिथेच टिकलेली असतात, कारण वरच्या भिंतीवर खर्च करण्याची कोणाला गरज वाटत नाही. त्यानंतर खाली उंबऱ्याकडे पाहावे. शटर येण्यापूर्वी दुकानांना उभ्या फळ्यांची दारे असत. फळ्या क्रमाने खाचेत सरकवून शेवटच्या फळीला कुलूप लावीत आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा घातलेला असे. महाद्वार रोडच्या आतल्या बोळांत एका दुकानाच्या दगडी उंबऱ्यात ही खाच मी पाहिली आहे. तिच्यात आता सिमेंट भरले असले तरी एका टोकाला, जिथून फळी आत घालीत, तिथे दगड बोटभर झिजून गुळगुळीत झालेला आहे. अशा खाचेचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावे. ‘इथे जुने दुकान होते’ या विधानाचा तो पुरावा असतो.

छायाचित्रे काढण्यात चालढकल करू नये. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले आणि त्यानंतर आतील रचनेचे जुने फोटो कोणाकडे आहेत याची शोधाशोध झाली. एवढ्या मोठ्या वास्तूची ही गत, तर गल्लीतल्या किराणा दुकानाचा फोटो कोण काढून ठेवणार?

कागदावरून काळ कसा ओळखावा

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण घरोघरी कागद असतात पण त्यांवर तारीख नसते. जुनी बिले, लग्नपत्रिका, दिनदर्शिका, कापडाच्या दुकानाच्या पिशव्या हे सर्व उपयोगी आहेच. परंतु सर्वांत समृद्ध साधन म्हणजे तालीम मंडळांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवाल आणि फुटबॉल स्पर्धांच्या स्मरणिका. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराने वर्गणीसोबत जाहिरात दिलेली असते, त्यामुळे मागची पाने म्हणजे त्या वर्षीची दुकानांची यादीच असते. अहवालावर साल छापलेले असते, हा आणखी एक फायदा. मंडळाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला मात्र वेळ लागतो, आणि ती किल्ली बहुधा माजी अध्यक्षांकडे असते.

सुट्या कागदावर साल नसेल तर मजकुरातील खुणा पाहाव्यात. किंमत आण्यांत असेल तर कागद साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. अर्थात लोकांच्या बोलण्यात आणे त्यानंतरही पुष्कळ वर्षे राहिले, म्हणून छापील किंमत आणि हाताने लिहिलेला हिशेब यांत फरक करावा. ‘कोल्हापूर संस्थान’ असा उल्लेख असल्यास तो कागद बहुधा १ मार्च १९४९ रोजी झालेल्या विलीनीकरणापूर्वी छापलेला असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. परवान्यावर ‘नगरपालिका’ असेल तर तो डिसेंबर १९७२ पूर्वीचा, कारण त्या महिन्यात महानगरपालिका झाली. पत्त्यात ‘पॅलेस थिएटरसमोर’ असे छापले असेल तर १९५७ च्या नामांतरापूर्वीचा काळ संभवतो, पण जाहिरातीचे जुने ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, छापखान्यात वर्षानुवर्षे वापरीत असल्याने एवढ्या एका खुणेवर विसंबू नये. टेलिफोन क्रमांकातील आकडे जितके कमी, तितका कागद जुना. अशा दोन खुणा जुळल्या की दशक निश्चित होते, तीन जुळल्या तर कधीकधी दोन-तीन वर्षांच्या आत येता येते.

पत्त्याची आणखी एक सोय कोल्हापुरात आहे. जुन्या बिलांवर ‘ए वॉर्ड’, ‘बी वॉर्ड’, ‘ई वॉर्ड’ आणि पुढे क्रमांक असे छापलेले असते. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात, शाहूपुरी आणि राजारामपुरी ई वॉर्डात येते. दुकानाचे नाव कितीदा बदलले तरी हा क्रमांक जागेला चिकटलेला राहतो. म्हणून आपली मुख्य नोंद दुकानाच्या नावाने न करता क्रमांकाने करावी आणि त्याखाली एकामागून एक आलेले व्यवसाय लिहावेत. घरफाळ्याची जुनी पावती आणि नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका यांवरून क्रमांक पडताळता येतो. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी आणि दसरा-दिवाळीच्या अंकांपासून सुरुवात करावी, कारण एरवी जाहिरात न देणारेही त्या दिवसांत देतात.

पुरात भिजलेले कागद मिळाले तर घाई करू नये. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी शाहूपुरीच्या सखल भागातील किती वह्या नेल्या याला हिशेब नाही, आणि उरलेल्यांपैकी काही लोकांनी उन्हात वाळवून घालवल्या. भिजलेली पाने ओढून सुटी करू नयेत, सावलीत वाऱ्यावर ठेवावीत आणि अर्धवट सुकल्यावर मधे कोरा टिपकागद घालावा.

माणसांना काय विचारावे

‘जुने काही आठवते का?’ असे विचारले की समोरचे आजोबा दूध किती स्वस्त होते इथपासून सुरुवात करतात आणि आजच्या पिढीवर येऊन थांबतात. कामाविषयी विचारावे. “अण्णा, सकाळी दुकान कोण उघडायचं? किल्ली कुणाकडे असायची? उधारी वहीत नावावर लिहायचा की घरावर? पाडव्याला वहीपूजन झालं की जुन्या वहीचं काय करायचा? पुराचं पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा कोणता माल माळ्यावर टाकायचा?” शेवटचा प्रश्न विशेष चांगला आहे, कोणता माल सर्वांत मोलाचा होता आणि पाणी कुठवर येई, ही दोन्ही उत्तरे त्यातून एकदम मिळतात. मिलमधून निवृत्त झालेल्यांना पाळी, पगाराचा दिवस आणि पगाराच्या संध्याकाळी ते कुठे खरेदी करीत, हे विचारावे. मिल बंद झाल्यावर आसपासच्या कोणत्या खानावळी आणि चहाच्या गाड्या बसल्या, हे तेच सांगू शकतात.

मालकांशी बोलून झाल्यावर गिऱ्हाइकांकडे जावे, आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा घरातील बायका. मालक दुकानाची प्रतिष्ठा सांगतो. समोरच्या वाड्यातील मावशी मापात कोण मारायचा, कोण महिनाअखेरीस न मागता थांबायचा आणि कोणाच्या दुकानात सून एकटी जाऊ शकत नव्हती, हे सांगते. पेठेचा खरा व्यवहार कळायला ही दुसरी माहिती अधिक कामाची आहे, मात्र ती नावानिशी छापण्याची नसते.

साल विचारल्यास लोक पाच-दहा वर्षे सहज इकडेतिकडे करतात. ‘साल कोणते’ याऐवजी ‘थोरल्याच्या दहावीच्या आधी की नंतर’, ‘२००५ च्या पुरात दुकान चालू होते का’, ‘विद्यापीठ झाले तेव्हा तुम्ही कितवीत होता’ असे विचारावे. शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आहे, तेव्हा उत्तर आपल्याला लगेच सालात बसवता येते.

दुकान का बंद झाले, या प्रश्नाला घरातून एक उत्तर मिळते आणि शेजारून दुसरे. घरचे म्हणतात, मुलाला पुण्यात नोकरी लागली. शेजारी म्हणतात, भावाभावांत वाटणी झाली. रस्ता रुंदीकरण, पागडीचा वाद, मंदिर परिसरात वाडा पाडून यात्री निवास बांधण्याचा मोह, पुरानंतर पुन्हा माल भरायला भांडवल नसणे, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. दोन्ही उत्तरे वहीत लिहावीत; प्रसिद्ध करताना मात्र कोर्टात असलेली वाटणी किंवा कोणावरचा आरोप वगळावा. गल्लीत पुन्हा तोंड दाखवायचे असते, हा व्यवहारही विसरू नये.

लिहिणे आणि ठेवणे

प्रत्येक विधानापुढे ते स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले की कागदावर मिळालेले, याची खूण करावी. व्यवसायाचा शेवट लिहिताना ‘बंद’, ‘हलले’, ‘हात बदलले’ आणि ‘धंदा बदलला’ हे चार शब्द कटाक्षाने वेगळे वापरावेत. फोटो स्टुडिओत आज झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे काम चालते आणि गल्ल्यावर तेच कुटुंब बसते, तेव्हा तो चौथा प्रकार आहे. त्याला ‘स्टुडिओ गेला’ म्हणणे हा त्या कुटुंबावर अन्याय होतो. गंगावेशीत आजही म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळते. जे टिकले आहे तेही यादीत घ्यावे, नाहीतर आपली नोंद केवळ मर्तिकांची यादी होऊन बसते.

ध्वनिमुद्रणाच्या आणि छायाचित्रांच्या फाइलला वॉर्ड, क्रमांक आणि तारीख याच क्रमाने नाव द्यावे. ‘जुने दुकान १’, ‘जुने दुकान २’ अशी नावे दिली तर वर्षभराने आपल्यालाच काही उमगत नाही. मूळ कागद ज्याचे त्याला त्याच आठवड्यात परत करावेत आणि सोबत स्कॅनची एक छापील प्रत द्यावी. ती प्रत घरात फिरते आणि पुढच्या भेटीत आणखी दोन कागद बाहेर निघतात. तयार नोंदीची एक प्रत तालमीत, एक वाचनालयात आणि एक शहराबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. पंचगंगेचे पाणी तिन्ही ठिकाणी एकदम पोहोचत नाही.