‘मिडिव्हल टू: टोटल वॉर’मध्ये हेर आणि सैन्य यांचा मेळ कसा घालावा

2006 साली आलेल्या या संगणकावरील युद्धनीतीच्या खेळाची मोहीम इ.स. 1080 मध्ये सुरू होते. मिलानचे राज्य निवडल्यास व्हेनिस, फ्रान्स आणि पवित्र रोमन साम्राज्य असे सगळे शेजारी कॅथलिकच असतात. त्यांच्यावर उघड चाल केल्यास पोप युद्ध थांबवण्याचा हुकूम देतो आणि तो मोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत करतो. त्यामुळे दुसरी फौज उभी करण्याआधी दोन-तीन हेर भरती करावेत.

प्रथम हे हेर बंडखोरांच्या ताब्यातील ठाण्यांत पाठवून तयार करावेत. यशाची शक्यता खेळ टक्क्यांत दाखवतो. ती कमी असल्यास घाई करू नये, कारण पकडलेला हेर बहुधा जिवंत परतत नाही. त्यानंतर त्यांना सीमेवरील शत्रूच्या ठाण्यांत शिरवावे, तेथील शिबंदी पाहावी आणि मगच लक्ष्य ठरवावे.

लक्ष्य शहर असेल, तर एकाच ठिकाणी अनेक हेर ठेवावेत. त्यांच्यामुळे तेथील सुव्यवस्था घसरत जाते, दंगली होतात आणि अखेरीस ते शहर बंड करून मूळ राज्यापासून फुटते. फुटलेले शहर घेतल्याने जुन्या मालकाशी युद्ध होत नाही आणि पोपही आक्षेप घेत नाही. मात्र आपली फौज त्या वेळी सीमेवर तयार हवी, कारण बंडखोरांची शिबंदी कधीकधी चांगलीच मोठी निघते आणि उशीर केल्यास दुसराच शेजारी ते शहर बळकावतो. माझ्या मते या खेळातील हेरगिरीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

किल्ल्यात दंगल माजवणे अवघड असते. तेथे आधी हेर आत पाठवावा आणि मग वेढा घालावा. दरवाजे उघडण्याची शक्यता तेव्हा पडद्यावर दिसते. ते उघडले तर शिड्या किंवा दरवाजा फोडण्याचे ओंडके तयार होण्याची वाट न पाहता त्याच टर्नमध्ये (खेळाडूच्या त्याच पाळीत) हल्ला करता येतो आणि एरवी तटाबाहेर ताटकळणारे घोडदळही आत घुसवता येते. ही लढाई मात्र उघड युद्धच असते, त्यामुळे पोपशी संबंध चांगले असतानाच ती अंगावर घ्यावी.

मारेकऱ्यांवर फार विसंबू नये. नवख्या मारेकऱ्याच्या हातून नामांकित सेनापती क्वचितच मरतो.

ठाणे जिंकल्यावर एक हेर तेथेच ठेवावा, म्हणजे शत्रूचे हेर उघडे पडतात. बाकीच्यांना फौज विश्रांती घेत असतानाच पुढच्या ठाण्याकडे रवाना करावे.