जागा दाखवताना टॅब वापरता? या चुका टाळा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या बहुतेक नव्या एजंटांच्या हातात आता टॅब दिसतो, आणि त्याला माझा मुळीच विरोध नाही. सातबारा, गावनकाशा आणि फोटो मोठ्या पडद्यावर एकत्र पाहता आले की मुंबई-पुण्याहून आलेल्या ग्राहकाला जागा लवकर समजते. मात्र टॅब हाती आला म्हणजे गावात विचारपूस करण्याची, कागद वाचण्याची आणि पायी हद्द फिरण्याची गरज संपली, असा समज करून घेतलेले अनेक जण मी पाहतो. त्यांच्या त्याच त्या चुकांची किंमत ग्राहक आणि जागामालक मोजतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नकाशावरचा निळा ठिपका म्हणजे हद्द नव्हे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. गुहागर तालुक्यातील एका गावात खाडीकडे उतरत जाणारी हापूस कलमांची एक बाग विकायची होती. पुण्याहून आलेल्या दांपत्याला ती दाखवताना एका तरुण एजंटाने गावनकाशाचे चित्र उपग्रहचित्रावर अंदाजाने बसवले, टॅब हातात धरला आणि निळा ठिपका रेषेवर येईल तसतसे चालत "ही आपली हद्द" असे सांगत तो पुढे गेला. त्याच्या चालीने बागेच्या खालच्या अंगाची विहीर जागेच्या आत आली. बागेला बारमाही पाणी आहे या भरवशावर त्या दांपत्याने त्याच आठवड्यात विसार दिला.

पुढे रीतसर मोजणी झाली तेव्हा मी तेथे हजर होतो. भूकरमापकाने खुणा दाखवल्या तेव्हा हद्द विहिरीच्या बऱ्याच वर, जांभ्या दगडाच्या मोडक्या गडग्यावरून गेली. कलमांच्या पालापाचोळ्यात तो गडगा गुडघाभरच उरला होता, पण हाताने पाने बाजूला केली की एकावर एक रचलेले चिरे स्पष्ट दिसत होते. शेजारच्या घरातील आजी तेथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ही बाव आमच्या सासऱ्यांनी खणलेली. त्या दिवशी मी इथेच होते, विचारलं असतंत तर सांगितलं असतं." व्यवहार मोडला. विसार परत मिळाला, परंतु मालकाच्या भावाभावांत विहिरीवरून जो वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही.

त्या एजंटाकडे केवळ वाय-फायवर चालणारा आयपॅड होता. अशा आयपॅडमध्ये उपग्रहाचे संकेत घेणारा जीपीएस नसतोच. तो आसपासच्या वाय-फाय नेटवर्कवरून आपले ठिकाण ठरवतो. दूर दूर घरे असलेल्या वाडीत अशी नेटवर्क फारशी नसतात, त्यामुळे ठिपका कोठेही उडी मारतो. अँड्रॉइड टॅब घेतानाही त्यात जीपीएस आहे का, हे आधी पाहून घ्यावे. सिम कार्डाच्या आयपॅडमध्ये जीपीएस असतो, तरीही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांचा फरक पडतोच आणि दाट झाडीत तो वाढतो. पाच गुंठ्यांच्या चौकोनी प्लॉटची बाजू सुमारे साडेबावीस मीटर असते. ती बाजू पाच मीटर सरकली, तर एका गुंठ्याहून अधिक जागा इकडची तिकडे होते.

माझी सवय अशी आहे की हद्द फिरताना टॅब पिशवीतच राहतो. प्रथम मालकाबरोबर आणि शक्य असेल तर लगतच्या खातेदाराबरोबर चालायचे, गडगा, बांध, हद्दीचा दगड, पाणंद कोणती हे विचारायचे, आणि मगच सावलीत बसून टॅबवर मोजणीची क प्रत (भूमी अभिलेख खात्याने मोजणीनंतर दिलेला हद्दीचा नकाशा) उघडून पाहिलेल्या खुणा तिच्याशी ताडून पाहायच्या. क प्रत नसेल, तर मोजणी झाल्याशिवाय ग्राहकाला विसार देऊ देत नाही. मोजणीला वेळ लागतो आणि घाई असलेल्या एजंटांना तो वेळ नकोसा वाटतो. पण जमिनीच्या व्यवहारात घाई करणाऱ्या माणसाने मध्यस्थी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्राजवळच्या जागेत हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. उपग्रहचित्रातील ओल्या वाळूच्या रेघेपासून ॲपमधील मोजपट्टीने अंतर काढून "आपण सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) बाहेर आहोत" असे सांगणे निव्वळ बेजबाबदारपणाचे आहे. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार कमी लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते, आणि ती भरतीरेषा मान्यताप्राप्त किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते. तो नकाशा टॅबमध्ये ठेवावा, स्वतःची रेघ ओढू नये.

रेंजवर विसंबून घराबाहेर पडणे

सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर, चार कांड्या रेंज दाखवणारा टॅब वाडीत उतरताच मुका होतो, हे कोकणात काम करणाऱ्याला सांगावे लागू नये. तरीही सातबारा ग्राहकासमोर उघडू, नकाशा तेथेच दाखवू, असे ठरवून लोक निघतात. गुगल मॅप्सचा नकाशा आधी उतरवून ठेवला तरी त्यात उपग्रहचित्र येत नाही, केवळ रस्त्यांचा नकाशा येतो, आणि कातळावरची जागा दाखवायला त्याचा काही उपयोग होत नाही. क्लाउडवर ठेवलेल्या फायलीही अनेकदा यादीत दिसतात, पण नेटवर्काशिवाय उघडत नाहीत.

मी प्रत्येक जागेचे स्वतंत्र फोल्डर टॅबच्या आतील मेमरीत ठेवतो. त्यात सातबारा, आठ अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा), संबंधित फेरफार (मालकी-हक्कातील बदलांच्या नोंदी), गावनकाशा, क प्रत आणि डांबरी रस्त्यापासून जागेपर्यंतच्या वाटेचे फोटो याच क्रमाने असतात. आदल्या रात्री घरीच टॅब फ्लाइट मोडवर टाकून त्यातील प्रत्येक फाइल एकदा उघडून पाहतो. जी उघडत नाही, ती तेव्हाच पुन्हा उतरवून घेतो.

या फोल्डरमधील सातबारा कोणता, हेही महत्त्वाचे आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो आणि तसे त्याच्यावर लिहिलेलेही असते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तेवढे पैसे वाचवून जुना स्क्रीनशॉट दाखवत फिरणाऱ्या एजंटावर ग्राहकाने विश्वास का ठेवावा, हे मला कळत नाही. कोकणातील सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे पुष्कळ असतात आणि त्यांतील बरेच जण मुंबईत असतात. वारसाची नोंद होऊन मधल्या काळात नवे नाव चढलेले असू शकते. म्हणून उतारा काढल्याची तारीख मी ग्राहकाला आवर्जून दाखवतो आणि इतर अधिकाराचा रकाना (कर्जाचा बोजा, कुळ अशा नोंदींचा) मोठा करून वाचायला देतो.

आर आणि गुंठा एकच धरणे

सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. चाळीस आरांना एक एकर म्हणून सांगितले, तर ग्राहकाला सुमारे ५०० चौरस फूट जागा कमी मिळते. तसेच ०.१०.५० हा दशांश अपूर्णांक नसून ते दहा आर पन्नास चौरस मीटर आहेत, हे कॅल्क्युलेटरमध्ये आकडा भरण्यापूर्वी समजून घ्यावे.

टॅब तसाच ग्राहकाच्या हाती देणे

फोटो पाहायला टॅब दिला आणि तेवढ्यात वर मालकाचा संदेश झळकला की "अगदीच अडलं तर दोन लाख कमी करा", तर त्यानंतर मालकाच्या बाजूने बोलायला एजंटाला तोंड उरत नाही. ग्राहकाने बोट थोडे अधिक सरकवले की दुसऱ्याच कुणाचे आधार कार्ड समोर येते, हा प्रकार तर त्याहून गंभीर आहे. कामाच्या टॅबवर व्हॉट्सॲप ठेवू नये. आयपॅडमधील गाईडेड ॲक्सेस किंवा अँड्रॉइडमधील स्क्रीन पिनिंग (पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवणारी सोय) सुरू करूनच टॅब दुसऱ्याच्या हाती द्यावा. ओळखपत्रांचे फोटो काम झाल्यावर काढून टाकावेत. गॅलरीतून काढलेला फोटो काही दिवस "नुकतेच हटवलेले" या भागात राहतो, तेथूनही तो काढावा.

ऊन, पाऊस आणि खारी हवा

गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवू नये; आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला असतो आणि मे महिन्यात बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक तापमान होते. पावसात भिजलेला पडदा बोटाला दाद देत नाही, म्हणून कोरडा रुमाल आणि कागदाची एक छापील प्रत जवळ असावी. चार्जिंगच्या जागी ओल गेली असेल, तर ती पूर्ण सुकेपर्यंत वायर जोडू नये.

फक्त मे महिन्यातले फोटो

तारा आणि विजेचे खांब पुसून टाकलेले फोटो दाखवणे ही फसवणूक आहे, त्यावर अधिक लिहायला नको. पण न पुसलेले खरे फोटोही दिशाभूल करू शकतात. खाडीलगतची सखल जागा मे महिन्यात कोरडी खणखणीत दिसते आणि जुलैत त्याच जागेत पोटरीभर पाणी उभे असते. पाणंदीचा ओढा होतो आणि गाडी रस्त्यावरच सोडावी लागते. म्हणून माझ्या फोल्डरमध्ये शक्यतो प्रत्येक जागेचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले असे दोन्ही फोटो असतात. ते ग्राहकाला पाठवताना फोनवरच्या व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातील तारखेची आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. ज्या जागेचे पावसाळ्यातले फोटो माझ्याकडे नाहीत, ती जागा मी टॅबवर दाखवून विकत नाही. ग्राहकाला जुलैत एकदा येऊन ती पाहायला सांगतो.