बंद पडलेल्या आगबोटीच्या बंदराचा इतिहास कसा नोंदवावा

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला; त्याच्या कितीतरी आधी हर्णै, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड ही बंदरेच किनाऱ्यावरच्या गावांची स्टेशने होती. अशा एखाद्या बंदराचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात माणसांपासून करावी. कागद आणखी काही वर्षांनीही दप्तरात सापडतील. पडावावर, म्हणजे उतारूंची ने-आण करणाऱ्या होडीवर, राबलेले तांडेल (होडीचे मुख्य खलाशी) आणि हमाल मात्र आता फार थोडे उरले आहेत.

त्यांना मोघम प्रश्न विचारू नयेत. उथळ बंदरांत आगबोट खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. म्हणून पडाव आगबोटीच्या कोणत्या बाजूला लावत, तो लाटेवर वरखाली होत असताना तान्हे मूल कोण कोणाच्या हाती देई, म्हाताऱ्या माणसांना पाण्यातून उचलून आणणाऱ्या हमालाला काय मिळे, हे विचारावे. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. मालवणीत सांगितलेले मालवणीतच उतरवावे.

साल विचारल्यास बहुतेकांचा गोंधळ होतो. तीच गोष्ट कोयनेच्या भूकंपाआधीची की नंतरची, असे विचारले की ११ डिसेंबर १९६७ ही पक्की खूण हाती येते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची बोट बंद राही, तेव्हा कोणी आषाढात देवगडला आगबोटीने उतरल्याचे सांगितल्यास पुन्हा चौकशी करावी. ‘रामदास’ बोटीचा विषय निघाला, तर ती १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली हे ध्यानात ठेवून ऐकीव आणि प्रत्यक्ष अनुभवलेले वेगळे लिहावे.

कागदांत प्रथम १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर पाहावे. त्यात बंदरांची आणि तिथल्या व्यापाराची माहिती आहे. पुढे मुंबईच्या पुराभिलेखागारात जावे. घरोघरच्या ट्रंकांतील जुनी पत्रे आणि मालाच्या पावत्याही तितक्याच मोलाच्या आहेत.

धक्का पाहायला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जावे, कारण तेव्हा ओहोटीला पाणी सर्वांत खाली जाते आणि एरवी बुडालेल्या जांभ्याच्या पायऱ्या, दोर बांधायच्या लोखंडी कड्या असल्यास उघड्या पडतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, तारीख-वेळ टिपावी, आणि काहीही उपटून नेऊ नये.

मजकूर पुरा झाल्यावर ज्याने सांगितले त्याला तो वाचून दाखवावा, नाव छापण्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.