भिंतीची ओल: रंगकामाआधी कारण शोधा

मीटरने 'ओल' दाखवली की लगेच भिंतीत ओल रोखणारं रसायन भरायची घाई होते. तिथेच चुकतं. टाचण्यांचा ओल-मीटर (दोन टोकं भिंतीला टेकवायचा) विजेचा रोध मोजतो आणि त्याचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात. गिलाव्यात लोणा, म्हणजे क्षार साचले असतील, तर बऱ्यापैकी कोरडी भिंतही ओली दिसते. म्हणून मीटर फक्त ओलीचा नकाशा काढायला वापरावा: जोत्यापासून वर दर 20 सेंमीवर नोंद.

आकडे साधारण 1 मीटर उंचीवर एकदम उतरले, तर ओल जमिनीतून चढत असण्याची शक्यता. मधेच डाग असेल तर पाइप किंवा बाहेरची भेग तपासा. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल तर बहुधा हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे. खात्रीसाठी 30 सेंमी चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून 48 तास ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर वाफ, मागे आले तर ओल भिंतीतली.

बाहेरची माती किंवा फरशी ओलरोधक थराच्या (जमिनीची ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी घातलेल्या थराच्या) किमान 15 सेंमी खाली हवी. कित्येकदा ती खाली घेणं हाच खरा इलाज असतो. लोणा लागलेला गिलावा मात्र काढावाच लागतो, कारण क्षार हवेतलं पाणी ओढत राहतात.