नव्या कादंबरीसाठी ब्लॉग टूर कशी आखावी

नवी कादंबरी बाजारात आली की प्रकाशन समारंभ, एखाद्या रविवार पुरवणीतले परीक्षण आणि ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश एवढ्यावर आपल्याकडे तिची प्रसिद्धी बहुधा आटोपते. ब्लॉग टूर हा याच्या जोडीला घेण्याजोगा, खर्च फारसा न मागणारा, पण वेळ मात्र भरपूर मागणारा मार्ग आहे. यात लेखक ठरलेल्या एक-दोन आठवड्यांत रोज किंवा दिवसाआड वेगवेगळ्या ब्लॉगवर वाचकांना भेटतो. कुठे मुलाखत असते, कुठे त्याने मुद्दाम लिहून दिलेला लेख, कुठे कादंबरीतला उतारा, तर कुठे ब्लॉगलेखकाने स्वतंत्रपणे केलेले परीक्षण. इंग्रजी प्रकाशनविश्वात ही पद्धत चांगली रुळलेली असून पैसे घेऊन टूर आखून देणारेही तेथे आहेत. मराठीत हे काम बहुतेक वेळा लेखकालाच करावे लागते, आणि माझ्या मते ते तसेच बरे, कारण कोणत्या वाचकाला आपल्या कादंबरीत काय सापडेल, हे लेखकाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असते.

पुढील विवेचनासाठी एक कादंबरी कल्पून घेऊ. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, त्या काळात तिथल्या एका गिरणी कामगार कुटुंबात ती घडते. लेखिकेची ही दुसरी कादंबरी आहे आणि प्रकाशक मध्यम आकाराचा आहे.

तारीख आधी, बाकी सगळे नंतर

पहिला लेख प्रसिद्ध होईल त्या दिवशी पुस्तक विकत मिळत असलेच पाहिजे. ही अट साधी वाटते, पण छपाई लांबते, मुखपृष्ठ बदलते, बुकगंगा किंवा ॲमेझॉनवर पुस्तकाची नोंद व्हायला वेळ लागतो आणि उत्सुकतेने शोधायला आलेला वाचक हात हलवत परत जातो; तो पुन्हा येईलच असे नाही. म्हणून प्रकाशकाकडून छापील प्रती हातात आल्याशिवाय टूरच्या तारखा जाहीर करू नयेत. तयारीसाठी साधारण तीन महिने हाताशी ठेवावेत.

दिवाळीच्या आसपासचे आठवडे शक्यतो टाळावेत. मराठी वाचक त्या दिवसांत दिवाळी अंकांमध्ये बुडालेला असतो, आणि पुस्तकांवर लिहिणारे ब्लॉगलेखकही बहुधा अंकांवरच लिहीत असतात. याउलट 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन सोयीचा वाटतो. मात्र त्या दिवशी सगळेच पुस्तकांविषयी बोलत असल्याने आपला आवाज त्यात हरवतो. कादंबरीच्या विषयाशी नाते असलेली तारीख मिळाली तर ती सर्वांत चांगली. आपल्या उदाहरणात ती आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. टूर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवून 12 तारखेला त्या घटनेवर लेख देता येईल. तो लेख मात्र इतिहासाचाच असावा आणि पुस्तकाचा उल्लेख त्यात लेखकपरिचयाच्या एका ओळीपुरता असावा. हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी विक्रीची हाकाटी करणे वाचकाला रुचत नाही, आणि रुचूही नये.

याच टप्प्यावर प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचावा. उतारे प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणाकडे आहे आणि किती मजकूर देता येईल, हे त्यात पाहावे. करारात स्पष्टता नसेल तर ईमेलवर लेखी परवानगी घ्यावी. फोनवरच्या ‘हो, द्या की’ वर विसंबू नये.

ब्लॉग कसे निवडावेत

संख्येच्या मोहात पडू नये. आठ ते दहा मुक्काम पुरेसे होतात. पंचवीस ब्लॉगवर तीच मुलाखत फिरवली तर चौथ्या दिवसानंतर ती कोणी वाचत नाही. निवडीपूर्वी प्रत्येक ब्लॉगवरचे निदान चार-पाच लेख वाचावेत आणि शेवटचा लेख कधीचा आहे ते पाहावे, कारण एके काळी गाजलेले कितीतरी मराठी ब्लॉग आज निद्रिस्त आहेत. खाली येणाऱ्या प्रतिक्रियाही वाचाव्यात. जिथे दहा जण ‘छान’ म्हणून जातात त्यापेक्षा जिथे तीन जण लेखाशी वाद घालतात, तो ब्लॉग आपल्या कामाचा.

केवळ पुस्तकांच्या ब्लॉगकडे जाणे ही नेहमी होणारी गफलत आहे. पुस्तकांवर लिहिणारे ब्लॉग अर्थातच हवेत, पण ते वाचणारे लोक मराठी कादंबऱ्या एरवीही वाचतच असतात. सोलापूरच्या कादंबरीसाठी स्वातंत्र्यलढ्याच्या स्थानिक इतिहासावर लिहिणारा एखादा ब्लॉग, वस्त्रोद्योग व हातमाग यांवर लिहिणारा दुसरा, आणि शेंगाचटणी व कडक भाकरीच्या निमित्ताने सोलापूरच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिणारा तिसरा शोधावा. सोलापूरच्या विणकरांमध्ये तेलुगूभाषक पद्मशाली समाज मोठा आहे, आणि कादंबरीतले कुटुंब त्या समाजातले असेल तर घरात तेलुगू व बाहेर मराठी असे जगणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचणारे एखादे व्यासपीठ निश्चितच शोधावे. परदेशस्थ मराठी मंडळींपैकी कोणी ब्लॉग चालवत असेल तर त्यालाही यादीत घ्यावे, मात्र तिथल्या वाचकासाठी ई-पुस्तकाची सोय आधी झालेली असावी.

पत्र कसे लिहावे

एकच मजकूर सर्वांना पाठवणे हा नकार मिळवण्याचा खात्रीचा उपाय आहे. पत्र लहान असावे, समोरच्याचे लेखन वाचल्याची खूण त्यात असावी आणि आपण नेमके काय मागतो आहोत ते स्पष्ट असावे. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. आपला चाळींतल्या सार्वजनिक नळांवरचा लेख मी नुकताच वाचला. पाण्याच्या रांगेतल्या भांडणांतून आपण चाळीचे जे राजकारण उलगडले आहे, त्याच्याशी माझ्या नव्या कादंबरीचा जवळचा संबंध आहे. 1930 च्या सोलापुरातील एका गिरणी कामगार कुटुंबाची ही गोष्ट असून ती डिसेंबरमध्ये प्रसिद्ध होत आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मी काही निवडक ब्लॉगवर लिहिणार आहे. आपल्या वाचकांसाठी गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरातल्या दिवसाबद्दल सुमारे हजार शब्दांचा नवा लेख लिहून देण्याची माझी इच्छा आहे. त्याऐवजी आपल्याला परीक्षण करावेसे वाटले तर प्रत पाठवते. मत अर्थातच आपले राहील. सवडीने कळवावे.’

परीक्षण करणाऱ्याला ‘चांगले लिहा’ असे आडूनही सुचवू नये. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी. त्यानंतरही उत्तर नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

वेळापत्रक

होकार येऊ लागले की स्प्रेडशीट उघडून प्रत्येक ब्लॉगसाठी एक ओळ करावी आणि तीत प्रसिद्धीची तारीख, लेखाचा प्रकार, मजकूर द्यायची तारीख, प्रत पाठवल्याची तारीख व पोच एवढे रकाने ठेवावेत. मजकूर प्रसिद्धीच्या किमान आठ दिवस आधी पोहोचावा. लागोपाठच्या दोन दिवशी दोन मुलाखती किंवा दोन उतारे येणार नाहीत असे पाहावे, आणि सुरुवात शक्यतो लेखाने करावी. मधले एक-दोन दिवस मोकळे सोडावेत, कारण कोणाच्या तरी घरी लग्न निघते, कोणी आजारी पडते आणि एक मुक्काम पुढे सरकतो.

मजकुराची पिशवी, आणि फॉन्टची कटकट

सर्व ब्लॉगलेखकांना देण्यासाठी एक फोल्डर तयार करून त्याची लिंक पाठवावी. त्यात मुखपृष्ठाची सुस्पष्ट प्रतिमा, लेखिकेचे छायाचित्र, पन्नास व दीडशे शब्दांचे दोन परिचय, पृष्ठसंख्या, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), प्रकाशकाचे नाव आणि विक्रीच्या लिंक असाव्यात.

यापुढची अडचण खास आपली आहे. अनेक मराठी पुस्तके अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवली जातात, आणि अशा फाइलमधला उतारा उचलून ब्लॉगवर चिकटवला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणता येतो, पण रूपांतरानंतर तो डोळ्यांखालून घालणे अटळ असते: रफार एक अक्षर मागे-पुढे सरकतो, ऱ्हस्व इकार भलत्या व्यंजनाला जाऊन चिकटतो, अवतरणचिन्हे गायब होतात. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतला ‘ऱ्य’ टंकित करण्याच्या दोन पद्धती आहेत. दिसायला दोन्ही सारख्याच, पण संगणकाच्या लेखी वेगळ्या. कादंबरीच्या नावात असे अक्षर किंवा ‘ॲ’ असेल तर सर्व ब्लॉगवर ते एकाच पद्धतीने टंकलेले असावे, नाहीतर कोणी ते नाव शोधले तर निम्मेच लेख समोर येण्याचा संभव असतो. म्हणून पुस्तकाचे व लेखिकेचे नाव सर्वांनी फोल्डरमधून जसेच्या तसे उचलावे असे कळवावे. दोन्ही नावांचे रोमन लिपीतले एकच ठरीव रूपही द्यावे, कारण मराठी पुस्तक शोधतानाही पुष्कळ जण रोमनमध्येच टंकतात.

प्रती पाठवणे

परीक्षणासाठी प्रत निदान सहा आठवडे आधी पोहोचायला हवी. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून 5 किलोपर्यंत 100 रुपये असे तिचे मूळ दर आहेत. कोणती पुस्तके या दरात बसतात याला अटी आहेत, तेव्हा आपली कादंबरी त्यात घेतात का ते काउंटरवर आधी विचारावे. अडीचशे पानांचे पुस्तक वेष्टनासह 300 ग्रॅमच्या पुढे सहज जाते, हेही हिशेबात धरावे.

पीडीएफ पाठवायची वेळ आली तर प्रत्येक पानावर घेणाऱ्याचे नाव फिकट अक्षरांत उमटवावे. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या फुकट पीडीएफ किती सर्रास फिरतात हे सर्वांना माहीत असल्याने, याबद्दल कोणी समंजस ब्लॉगलेखक राग मानत नाही.

काय लिहावे

टूरचे यश शेवटी मजकुरावर अवलंबून असते, आणि तो पुस्तकाचा सारांश नसावा. प्रत्येक लेख असा असावा की कादंबरी कधीही न वाचणाऱ्यालाही तो वाचल्याचे समाधान मिळेल. इतिहासाच्या ब्लॉगसाठी लष्करी कायद्याच्या काळातले वटहुकूम आणि त्या काळची वृत्तपत्रे धुंडाळताना काय हाती लागले, त्यावर लिहावे. वस्त्रोद्योगाच्या ब्लॉगसाठी मागावरची एक पाळी कशी चाले, धागा तुटला की काय करत, पगारातून दंड कसा कापला जाई, असा तपशील द्यावा. स्वयंपाकाच्या ब्लॉगवर कामगाराच्या डब्यात काय असे, एवढ्याच प्रश्नावर आठशे शब्द होतात. ‘मला ही कादंबरी कशी सुचली’ हा लेख टूरमध्ये एकदाच यावा.

उतारा हजारभर शब्दांचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा असावा. पहिले प्रकरणच द्यावे असा काही नियम नाही. दोन पात्रांचा एखादा तणावाचा संवाद अनेकदा अधिक परिणाम करतो. मुलाखतीचे प्रश्न लेखी मागवावेत आणि दुसऱ्या ब्लॉगवर आधीच उत्तरलेला प्रश्न आला तर तसे सांगून त्याऐवजी नवा मागावा. पुस्तक भेट देण्याची स्पर्धा ठेवायची असल्यास ती एखाद्याच मुक्कामावर, सोप्या प्रश्नाची ठेवावी.

फुकट प्रतीचा उल्लेख

परीक्षणकर्त्याला प्रत विनामूल्य मिळाली असेल तर परीक्षणात तसे लिहिलेले असावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा संबंधांची उघड नोंद अपेक्षित आहे, आणि ती ठळक, सोप्या शब्दांत व शिफारशीच्याच भाषेत असावी असे विभाग सांगतो. ‘या परीक्षणासाठी लेखिकेकडून प्रत मिळाली’ एवढे एक वाक्य मराठी लेखाच्या सुरुवातीला घातले की झाले. पैसे देऊन स्तुती लिहवून घेण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये.

टूर चालू असताना

रोजचा अर्धा-पाऊण तास प्रतिक्रियांना उत्तरे देण्यासाठी राखून ठेवावा. व्हॉट्सॲपच्या गटांत पूर्ण लेख चिकटवू नये. दोन ओळी आणि लिंक द्यावी, कारण पूर्ण लेख चिकटवला की तो तासाभरात निनावी होऊन फिरू लागतो आणि ज्याने आपल्याला जागा दिली त्या ब्लॉगकडे कोणी फिरकतही नाही. परीक्षण प्रतिकूल आले तरी त्याची लिंकही इतरांप्रमाणेच द्यावी, आभार मानावेत आणि वस्तुस्थितीची चूक असेल तेवढीच दाखवावी. सगळीच परीक्षणे गोडगोड असली की वाचकाला संशय येतोच.

टूर संपल्यावर सर्व लिंक स्वतःच्या एका पानावर एकत्र ठेवाव्यात आणि प्रत्येक लेखाची नोंद इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) करून ठेवावी, कारण ब्लॉग बंद पडतात आणि त्यांबरोबर लेखही जातात. विक्रीचे आकडे प्रकाशकाकडून सावकाश येतील. प्रतिक्रियांमधून मात्र एक गोष्ट लगेच हाती लागते: सोलापूरचा एखादा जाणता वाचक हमखास कळवतो की अमुक पेठेतून तमुक गिरणीकडे जाणारा रस्ता कादंबरीत उलट्या दिशेने वळला आहे. अशा दुरुस्त्या पान क्रमांकांसह एका फाइलमध्ये टिपून दुसऱ्या आवृत्तीच्या आधी प्रकाशकाकडे पाठवाव्यात.