लसीच्या रील्सवर वाद घालताय? या चुका टाळा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत फॅमिली ग्रुपवर आता सुविचार कमी नि रील्स जास्त, आणि त्यात बाळाच्या लसीचं एखादं भयानक रील आलं की कोणीतरी हुशार भाचा तेच स्टेटसला ठेवतो, वर लिहितो "बघा काय मूर्खपणा". पहिली चूक हीच. बरेच जण घाईघाईत बघतात, त्यांना फक्त रीलवरची मोठी अक्षरं दिसतात, भाच्याचा टोमणा नाही. आणि ॲपला तुमचा राग कळत नाही, शेअर झालं म्हणजे चाललं.

स्वतः रील बनवताय तर "लसीने ऑटिझम होतो?" अशी सुरुवात नको, उत्तर आधी द्या: नाही होत. मग सांगा की १९९८ साली वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने फक्त १२ मुलांवरचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापला, त्यावरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीवर संशय आला, २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी डॉक्टरांच्या रजिस्टरमधून त्याचं नावही गेलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कमेंटमध्ये "लसीने काहीच होत नाही हो" असं ठोकून दिल्याने. अहो होतं ना! दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटा (पाच आजारांवरची एकच लस) दिल्यावर बऱ्याच बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर किरकिर. ज्या वहिनीने ते बाळ रात्री मांडीवर घेतलंय तिला तुम्ही खोटं ठरवलं की ती तुमचं ऐकेल की त्या रीलवाल्याचं? तिला सरळ सांगा, वहिनी ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लस देणाऱ्या दीदीला तिथेच विचारून घ्या, लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, आणि झटका आला, बाळ मलूल पडलं किंवा ताप उतरेचना तर थेट डॉक्टरकडे. पेंटा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाचांसाठी आहे हे पण सांगा, पण ते नंतर.

जुनी क्लिप नवीन म्हणून फिरते, तारीख नि गाव बघा, एवढंच.

आणि फीडच अशा रील्सनी भरलं असेल तर? शिव्या घालायला का होईना तुम्ही ते शेवटपर्यंत बघताय म्हणून येतंय. "नॉट इंटरेस्टेड" दाबा, यूट्यूबवर चॅनलच बंद करता येतो, इन्स्टात सजेस्टेड कंटेंट रीसेट करायची सोय आहे. आईच्या फोनमध्येही करा, पण तिला विचारून, नाहीतर तिची भजनं नि रेसिपीवाली रील्सपण जातील आणि मग घरात वेगळीच बोंब.